वाचलेले पाणी कोणाचे?

यंदाच्या वैशाखात आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा एकाच विषयावर तीन तास चालली. टँकरचे बिल सर्व सदनिकांत समान वाटायचे की मीटर बसवून ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे आकारायचे, एवढाच तो विषय होता; पण अर्ध्या तासात सभेत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की पाणी वाचवणे हा संस्काराचा भाग आहे. दात घासताना नळ बंद ठेवला, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ केली, तर टँकरची गरजच उरणार नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की राज्याचे पाणी ऊस पितो, आणि काटकसरीचे धडे मात्र आमच्या न्हाणीघरात दिले जातात. आमच्या बादलीभर पाण्याने काय फरक पडणार? हेच दोन पक्ष वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत भेटतात, होळीच्या आदल्या दिवशी तर हमखास भेटतात, आणि वर्षानुवर्षे तीच उत्तरे एकमेकांना देतात. एक प्रश्न मात्र दोघेही विचारत नाहीत: वाचलेले पाणी जाते कुठे?

माझे मत आधीच सांगतो. घरात वाचवलेले पाणी तेव्हाच खऱ्या अर्थाने वाचते, जेव्हा त्याने पुढे कुठे जायचे हे त्या वस्तीने, गावाने किंवा खोऱ्याने अगोदर ठरवलेले असते. पैसे वाचवले तर ते आपल्या खात्यात दिसतात. पाण्याचे खाते सामाईक आहे, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नसेल, तर मी न वापरलेले पाणी ज्याची मोटर मोठी किंवा ज्याची बोअर खोल त्याच्याकडे जाते. म्हणून घरगुती काटकसरीला पुण्य मानणारा पक्ष आणि तिला निरर्थक ठरवणारा पक्ष हे दोघेही, मोजमाप आणि वाटप हा मधला दुवा वगळून, चुकीच्या जागी भांडत आहेत.

उसाचा आक्षेप घेणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही, कारण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. उसाला हंगामभरात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर आणि एका एकराला सुमारे ८० लाख लिटर पाणी होते. आता चार माणसांचे एक कुटुंब घ्या. प्रत्येकाने रोज २५ लिटर वाचवले, तर घराचे दिवसाचे १०० आणि वर्षाचे ३६,५०० लिटर होतात. म्हणजे सव्वादोनशे कुटुंबांनी वर्षभर कटाक्षाने वाचवलेले पाणी एका एकर उसाएवढे भरते. हे गणित ज्याला पाठ आहे, त्याला ‘नळ बंद ठेवा’ असा फलक वाचून राग येत असेल, तर तो राग खोटा नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्या आणि मैदाने यांच्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा त्या वेळी सांगितला जाणारा आकडा ६० लाख लिटरच्या आसपास होता. एक एकर ऊसही त्यात भिजला नसता. आणि मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांचे गाळप त्याच दुष्काळी हंगामात झालेले होते.

पण याच उदाहरणातून या युक्तिवादाची मर्यादाही दिसते. सामने हलवल्यामुळे मुंबई-पुण्यात न वापरलेले पाणी लातूरला पोहोचले काय? लातूरला पाणी पोहोचले ते मिरजेहून, रेल्वेने. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन गेली, आणि पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि जवळपास दुसरा कोणताही मोठा साठा उरलेला नव्हता. पाणी हा पैशासारखा कुठूनही कुठेही पाठवता येणारा पदार्थ नाही. ते एका खोऱ्यात, एका उंचीवर आणि एका महिन्यात असते. सांगलीतल्या उसाचे पाणी आणि माझ्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी यांची लिटरमध्ये तुलना होते. व्यवहारात त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. उलट जिथे तो संबंध प्रत्यक्ष आहे, तिथे घरगुती वापर अजिबात किरकोळ ठरत नाही. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्याच साठ्यातून कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे शेतीचे पाणी जाते. शहरातल्या दहा लाख कुटुंबांनी वर सांगितल्याप्रमाणे रोज १०० लिटर वाचवले, तर वर्षाला ३,६५० कोटी लिटर, म्हणजे जवळपास १.३ टीएमसी होतात. टेमघरच्या साठ्याचा तो एक तृतीयांशाहून अधिक भाग आहे. हे पाणी इंदापूरच्या शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यासाठी क्षुल्लक आहे, असे त्याच्यासमोर उभे राहून कोणी म्हणेल का?

येथे एक दुसरा आक्षेप येतो, आणि तो जलतज्ज्ञांचा आहे. घरात वापरलेले पाणी नाहीसे होत नाही, त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत नदीला मिळते. शेतात मात्र बहुतेक पाणी बाष्प होऊन हवेत जाते. तेव्हा शहरात वाचवलेला लिटर हा खोऱ्याच्या दृष्टीने खरा वाचलेला लिटर नव्हेच. हा मुद्दा बरोबर आहे, आणि तो कमी लोकांना ठाऊक आहे. पण नदीला मिळणारे ते ८० टक्के कशा अवस्थेत मिळतात, हे कोणी पाहायचे? मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत जाते, आणि उजनीच्या पाण्यावर सोलापूर जगते. आपण घरात जेवढे पाणी वापरतो, तेवढे आधी शुद्ध करावे लागते, उपसून टाकीत चढवावे लागते, मग मलनिस्सारणाच्या वाहिनीतून पुन्हा गोळा करून शुद्ध करावे लागते. आणि जेवढे शुद्धीकरण केंद्राच्या आवाक्याबाहेर जाते, तेवढे तसेच नदीत सोडले जाते. नागपूरने भांडेवाडीतले सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, प्रक्रिया केलेले पाणी कालव्यात सोडण्याची योजना आली. या दोन्ही ठिकाणी सांडपाण्याला पुढचा वापरकर्ता नेमून दिला गेला, एवढ्यानेच ते ओझे न राहता साठा झाले. पाणी कोणाकडे जाणार हे ठरल्यावर त्याची किंमत बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता संस्काराची बाजू मांडणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्याविषयी मला आपुलकी असूनही त्यांचे म्हणणे मला अधिक अपुरे वाटते. सकाळी ताजे पाणी आले की आदल्या दिवशी भरून ठेवलेले हंडे ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची पद्धत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही, आणि ती जायला हवी यात वाद नाही. गळका फ्लश दुरुस्त करावा, टाकी भरून वाहू देऊ नये, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशीसाठी वापरावे, हे सगळे करावेच. पण हा उपदेश कोणाला केला जातो? मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड आहे. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरचा धरला. मुंबईत झोपडपट्टीसाठी ४५ लिटर हे प्रमाण वर्षानुवर्षे चालत आले. म्हणजे गरजेचे गणितच माणसागणिक वेगळे मांडलेले असताना काटकसरीचा उपदेश मात्र सर्वांना एकाच शब्दांत केला जातो. जी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढते, तिला पाण्याचे मोल शिकवणारा फलक हा तिचा अपमान आहे. तिच्या घरात आधीच तांदूळ धुतलेले पाणी गुरांना आणि भांडी धुतलेले पाणी परसातल्या केळीला जाते. बचत ही गरजेहून जास्त वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि जास्त कोण वापरतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच संस्काराच्या बाजूने बोलणारे आमच्या सभेतले काही सभासद मीटरला विरोध करत होते, हे पाहून मला वाईट वाटले.

मोजमाप आणि करार नसताना बचतीचे काय होते, हे शेतीत फार स्पष्ट दिसते. ठिबक सिंचनाने एकरी पाणी कमी लागते, हे खरे आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर कोणतेही बंधन नाही, तो वाचलेल्या पाण्यावर शेजारचा पडीक तुकडा भिजवतो, आणि विहीर पूर्वीएवढीच, कधी पूर्वीपेक्षा लवकर, तळाला जाते. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच केले असते. शेततळ्यांचेही तसेच झाले. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी कल्पिलेली ती तळी अनेक गावांत प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली. जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी उपसून उन्हात एकाच्या मालकीचे करून ठेवायचे, आणि त्यातले बरेचसे वाफ होऊ द्यायचे, याला साठवण म्हणायचे की ताबा? शहरातली बोअर यापेक्षा फारशी वेगळी नाही. महापालिकेचे पाणी काटकसरीने वापरणारी सोसायटी शेजारच्या सोसायटीपेक्षा शंभर फूट खोल जाते, तेव्हा ती काही वाचवत नाही, फक्त आधी घेते. आपल्या पायाखालचा बसाल्ट हा कठीण खडक आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत तेवढे मावते, आणि त्या भेगा कुंपण ओळखत नाहीत. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई करतो. तरीही प्रत्येक उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या गावोगाव फिरताना दिसतात.

मग करार कसा असतो? त्यासाठी फार लांब जायला नको. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत आपल्याकडचीच आहे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असे, एका फडात एकच पीक असे आणि दरवर्षी ते फिरत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे लाभधारक एकत्र बसून ठरवत. शेतात पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे असे. शेतकऱ्याने मनाला येईल तेव्हा दार उघडायचे नाही. या व्यवस्थेत ‘पाणी वाचवा’ असे कोणालाही सांगावे लागत नव्हते, कारण वाचलेल्या पाण्याची वाट आधीच आखलेली होती.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसावर ठरेल: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. एका अभियंत्याने दुष्काळाच्या तडाख्यात शोधलेले हे चार नियम मला आजही महाराष्ट्राच्या जलविचारातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटतात. आपण त्यांचे कौतुक केले आणि ते बाजूला ठेवले, याचे दुःखही वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली जे केले, त्याचे कौतुक करताना लोक समतल चर, बंधारे आणि झाडे यांचे फोटो दाखवतात. चर तर शेकडो गावांत खोदले गेले. हिवरे बाजारचे वेगळेपण हे की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, आणि पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरवायची, हे गावाने स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. पाणी अडवणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम अडवलेल्या पाण्याला हात न लावण्याचे होते, आणि ते जास्त कठीण होते.

येथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘गावाने ठरवले’ असे म्हणताना गाव म्हणजे कोण? ज्या गावांची सामुदायिक शिस्त आपण आठवतो, त्याच गावांच्या विहिरींवर दलितांना पोहरा टाकू दिला जात नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, कारण गावाचे पाणी त्यांच्यासाठी खुले नव्हते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. म्हणून पाणी समाजाच्या हाती द्या असे कोणी म्हटले, की ज्यांच्या आजोबांनी तो समाज भोगला ते साशंक होतात, आणि त्यांनी साशंक असलेच पाहिजे. पण या इतिहासातून निष्कर्ष कोणता काढायचा? पाणी ज्याच्या त्याच्या मोटरीवर सोडावे, असा तर नक्कीच नाही, कारण ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे बोअरही नसते; खुल्या उपशात सर्वांत आधी तोच कोरडा पडतो. महाडचा धडा असा की नियम लेखी असला, तरी ज्यांच्या हक्कासाठी तो केला त्यांच्या हाती त्याची अंमलबजावणी नसेल, तर तो कागदावरच राहतो. पाणी पंचायतीत भूमिहीन माणूस वाटेकरी होता, म्हणून तो सभेत बोलू शकत होता. सामुदायिक व्यवस्थेच्या अन्यायावरचा उपाय माणशी हक्क आणि उघडा हिशेब हा आहे.

गाव लहान असते, शहरात हे जमणार नाही, असेही म्हटले जाते. अडचणी खऱ्या आहेत. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांच्या नळवाहिन्या गच्चीवरून वेगवेगळ्या उतरतात, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात, आणि तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. पण केपटाउनने २०१८ मध्ये दाखवले की मोठे शहरही हे करू शकते. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली, धरणांतला साठा आणि शहराचा वापर दर आठवड्याला लोकांसमोर ठेवला गेला, आणि वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनीही आपल्या साठ्यातले सुमारे एक हजार कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. नळ बंद पडण्याचा दिवस टळला. तिथेही श्रीमंतांनी बोअर घेतल्या, आणि गरीब वस्त्या आधीपासूनच त्या मर्यादेच्या आत जगत होत्या. तो अन्याय मी झाकत नाही. तरी घराची काटकसर, शेतीचा त्याग आणि उघडा आकडा या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच परिणाम झाला, हे त्या उदाहरणातून निर्विवाद दिसते.

सभेच्या शेवटी आम्ही घराघरांत मीटर बसवण्याचा प्रस्ताव पुढे ढकलला. प्रत्येक इमारतीच्या मुख्य वाहिनीवर एक, टँकरच्या टाकीवर एक आणि बोअरवर एक असे मीटर बसवायचे, आणि दर सोमवारी तिन्ही आकडे जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचे, एवढे ठरले. बोअरचा आकडा लिहिण्याला सर्वांत जास्त विरोध झाला. मी दुसरा एक ठराव मांडला, आणि तो अजून चर्चेत आहे. वैशाखात सभा घेण्यात अर्थ नाही. तेव्हा वाटायला काही उरलेले नसते. गोदावरी खोऱ्यात वरच्या धरणांनी जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हे १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरते, आणि हिवरे बाजारचा ताळेबंदही पाऊस संपल्यावरच मांडला जातो. पावसाळ्यानंतरच कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका होतात; शहराला किती, शेतीला किती आणि आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती, हे तिथे ठरते, आणि त्या बैठकीच्या बातमीकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष नसते. म्हणून आमची पाण्याची सभा यापुढे कोजागिरीच्या आठवड्यात व्हावी, तिच्यात धरणाचा साठा, बोअरची पातळी आणि फळ्यावरचे वर्षभराचे आकडे एकत्र वाचले जावेत, आणि आम्ही किती पाणी कमी घेणार व ते कोणासाठी सोडणार, हे लेखी स्वरूपात त्या समितीला कळवावे, असा तो ठराव आहे. हरकती नोंदवण्यासाठी सभासदांना श्रावणापर्यंत मुदत दिली आहे.